काटकोनात आणलेलं टेबल

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरात सगळेच म्हणतात आणि काही खोटं म्हणत नाहीत. जुनं लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्या बाईला गोड गोड बोलून भागत नाही. लोक पणजोबांच्या काळातलं कपाट घेऊन येतात, दार लागत नाही म्हणून दाराच्या नावाने बोटं मोडतात, आणि कुणीतरी शहाण्याने ते दार तासून तासून अर्धं केलेलं असतं. मग मी विचारते, अहो, दार वाईट आहे की अख्खं कपाटच एका अंगाला कललंय, हे बघताना डोळे काय घरी ठेवून आला होतात? गिऱ्हाईक ओशाळतं. मला बरं वाटतं. कुणी माझ्यासमोर ओशाळलं की मला नेहमीच बरं वाटत आलंय, हे आत्ता सांगून टाकलेलं बरं.

हे काम मी माहेरून घेऊन आले. सासर मात्र कापडाचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शिंपी. रस्त्याकडे तोंड करून पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या अंगणात पत्र्याखाली माझा कारखाना, आणि मधल्या खोल्यांत आम्ही तिघं, मामंजी, नवरा आणि मी. नवरा ऑफिसात जातो. त्याला ना लाकूड कळतं ना कापड, पण दोन्हीकडचा आवाज नको असतो.

मामंजी मला कधी तोडून म्हणून बोलले नाहीत. गिऱ्हाइकांशी हसतखेळत वागणारा, गळ्यात मापाची पट्टी टाकून दिवसभर उभा असणारा माणूस. पण माझ्या कामाला ते ठोकाठोकी म्हणत. मागून आवाज आला की दुकानात बसलेल्या माणसाला हसून सांगायचे, काही नाही हो, आमच्या सूनबाईंची ठोकाठोकी चाललीय. त्यात वाकडं काही नव्हतं, मला कळत होतं. तरी ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. यांना एकदा दाखवीनच, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

संधी चालून आली ती त्यांच्या कापायच्या टेबलाच्या रूपाने. घरातली सगळ्यात जुनी वस्तू ती. मामंजींच्या आजोबांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या दुकानातून आणलेली. सागवानी, जाड चौकटीचं टेबल, चौकटीच्या खाचेत बसवलेल्या लांबलचक फळ्या, आणि तीन पिढ्यांचे तळवे फिरून फिरून वरून असं गुळगुळीत झालेलं की त्यावर खडूसुद्धा घसरावा. त्याचा एक पाय हलायला लागला होता. मामंजी थोडे दिवस लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, राहायला निघाले तेव्हा मला म्हणाले की पाय तेवढा घट्ट करून ठेव, बाकी त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

ते रिक्षात बसले आणि मी टेबल मागे आणवलं. पाय काय, पाचर मारून लगेच बसला. मग सवयीने मी वरच्या भागावर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली. नंतर दुसऱ्या दोन कोपऱ्यांना धरली. चौकोन धड असेल तर दोन्ही मापं सारखी यायला हवीत. इथे तीन बोटांचा फरक. म्हटलं, वा रे वा! ज्या टेबलावर गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे कापले जातात ते टेबलच वाकडं.

कारण उघड होतं. दुकानात एका बाजूची फरशी खचलेली, आणि नेमके त्याच टोकाला कापडाचे तागे रचलेले. इतक्या वर्षांच्या भाराने सांधे ढिले होत चौकट हळूहळू एका अंगाला झुकत गेली होती, फळ्याही खाचेतल्या खाचेत सरकून तिरक्या बसल्या होत्या. रोज बघणाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं आणि माझे हात शिवशिवायला लागले.

नवरा म्हणाला, बाबांनी फक्त पाय सांगितला होता ना? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या फायली बघा.

सांध्यांवर गरम पाण्याची फडकी ठेवली, आतला जुना सरस मऊ पडल्यावर लाकडी हातोड्याने एकेक सांधा सोडवला, खरवडून साफ केला, ताजा सरस लावून पुन्हा जुळवला. मग जे दोन कोपरे जास्त लांब गेले होते त्यांना दोरी बांधली, दोरीत दांडका अडकवून पीळ देत गेले. चौकट कुरकुरत कुरकुरत सरळ व्हायला लागली. अशा वेळी हवं त्यापेक्षा किंचित जास्तच ओढायचं असतं, कारण दोरी सोडली की लाकूड थोडं मागे येतं. माझ्या वडिलांनी शिकवलेलं. सरस वाळल्यावर दोरी सोडली, पुन्हा मापं घेतली, तर केसाचाही फरक नाही. खचलेल्या फरशीवर पायाखाली चकती सरकवून मी टेबल दुकानात जागच्या जागी लावलं आणि मामंजींची वाट बघत बसले.

ते आले. मी चारी कोपऱ्यांना गुण्या लावून दाखवला. गुण्या म्हणजे आम्हा लाकूडवाल्यांची काटकोन बघायची पट्टी. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, वाकून कडेला डोळा लावून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. सांगितलं काय आणि केलं काय. पण ते म्हणाले, हे एकटीने केलंस? मी म्हटलं, मग काय तुमचा मुलगा येणार होता मदतीला? ते मोठ्याने हसले.

त्या दिवसापासून ठोकाठोकी हा शब्द घरातून गेला तो गेलाच. येईल त्या गिऱ्हाइकाला मामंजी टेबल दाखवायचे. आमच्या सूनबाईंनी काटकोनात आणलंय, बघा. आता कापण्यात चूक झाली तर ती शिंप्याची, टेबलाची नव्हे. मी मागे रंधा चालवता चालवता थांबून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मूठभर मांस चढायचं अंगावर.

मग हेडमास्तरांची पँट परत आली. घातली की डाव्या पायाची शिवण गुडघ्याखाली फिरून पुढे येत होती. मामंजींनी हसण्यावारी नेलं, मास्तर, तुम्हीच तिरके चालता, म्हणाले, आणि नवीन कापड आणून दुसरी शिवली. तीही तशीच. त्यानंतर डॉक्टरीणबाईंचा लांब कोट. त्याचं एक टोक खाली लोंबायला लागलं. मामंजींनी कोट उसवला आणि कापड उजेडात धरून बघितलं. कापडाचा उभा धागाच तिरका पडला होता. म्हणजे शिवताना नव्हे, कापतानाच चुकलेलं. नवशिक्या माणसाकडून व्हावी अशी चूक. जेवताना मामंजी ताटाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन दुकानात गेले तेव्हा ते कापड अंथरत होते. मी कप हातात धरून दारातच थांबले, कारण काम चालू असताना मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. त्यांनी कापडाची एक बाजू टेबलाच्या टोकाशी जुळवली. दोन्ही तळव्यांनी सुरकुत्या काढल्या. आणि मग त्यांचा डावा हात आपसूक पलीकडच्या कोपऱ्याकडे गेला आणि त्याने कापड जरासं आत ओढलं. एवढासाच झटका. मामंजींचं तिकडे लक्षही नव्हतं. ते खडू शोधत होते. मग अंगठा टेबलाच्या कडेला टेकवून, चिमटीत खडू धरून त्यांनी कडेकडेने सरळ रेघ मारत नेली, पट्टी न घेता, नेहमीसारखी.

टेबल वर्षानुवर्षं झुकत गेलं, तसा तो हातही नकळत शिकत गेला होता. टेबल जेवढं तिरकं, तेवढं कापड आत ओढायचं, की कापड सरळ. आता टेबल सरळ होतं आणि हात अजून तेवढंच ओढत होता. सरळ पडलेलं कापड स्वतःच्या हाताने तिरकं करून मामंजी कापत होते.

हे मला तिथे, त्या दारात, कप हातात असतानाच कळलं. मी कप ठेवला आणि परत आले.

का बोलले नाही? एरवी जगाच्या चुका चव्हाट्यावर मांडणारी मी. बोलले असते तर आधी हे सांगावं लागलं असतं की तुम्ही पाय सांगितला होतात आणि मी शहाणपणा केला. आणि दुकानात ते जे सगळ्यांना सांगत होते ते बंद झालं असतं. इतक्या वर्षांनी कुठे माझं नाव त्यांच्या तोंडी आलं होतं. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या उजाडला की पुन्हा तेच. मूग गिळून बसणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

ते टेबलावर संशय घेणार नाहीत, याचीही सोय मीच करून ठेवली होती. नवरा एकदा म्हणाला, बाबा, टेबल हलवल्यामुळे तर नसेल? मामंजी म्हणाले, छे, टेबल तर आता चोख आहे, खोट माझ्यातच आहे. मी समोर बसून भाजी वाढत होते.

मग एक दिवस दुपारी ते मागे माझ्या कारखान्यात आले. सहसा ते तिकडे फिरकत नाहीत, भुसा उडतो म्हणून. मी एका खुर्चीची पाठ शिकंज्यात आवळत होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आणि उजवा हात माझ्यासमोर लांब केला, तळवा खाली करून.

“सूनबाई, तुझी नजर पक्की आहे,” ते म्हणाले. “जरा बघ बरं, हात थरथरतो का?”

मी बघितलं. हात जराही हलत नव्हता. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा पडलेला, नखांत निळा खडू, आणि हात दगडासारखा स्थिर. ते माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही थरथरत.

“वयोमानाने थोडंफार व्हायचंच, मामंजी,” मी म्हटलं.

ते मान हलवत म्हणाले की हो, मलाही तेच वाटलं. मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. जाताना मला म्हणाले, बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस, बाकीचे मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलतात.

ते वाक्य ऐकून मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण जमीन काही घेत नाही. शिकंजा अजून आवळायचा होता, तो मी आवळला.

त्यानंतर मामंजींनी नवीन काम घेणं बंद केलं. नवऱ्याला मनातून आनंदच झाला. कधीपासून तो बाबांच्या मागे लागला होता की आता बसा घरी, आराम करा. समोरच्या चष्मेवाल्याला आपलं दुकान मोठं करायचं होतं, तो आमच्या पुढच्या खोलीवर डोळा ठेवून होताच. तो येऊन भिंतींची मापं घेऊन गेला. आरसा कुठे लावायचा ते बोटाने दाखवत होता आणि मामंजी हो हो म्हणत होते. मी स्वतःची समजूत घालत होते की वय झालंच आहे, किती वर्षं उभं राहायचं, त्यांच्या भल्याचंच होतंय. मनाची समजूत घालण्यातही मी चांगलीच तरबेज निघाले.

पण हेडमास्तर तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली. हेडमास्तर भला माणूस, तो म्हणत होता की घाई नाही, सावकाश शिवा. मामंजींनी चारचौघांत त्याच्यासमोर हात जोडले. म्हणाले, मास्तर, माझा हात गेला आता, तुमच्या कापडाची मी नासाडी केली, माफ करा आणि दुसरीकडे शिवा. बाकावरची माणसं खाली बघायला लागली. मामंजींचे कान लाल झाले होते. मी मागे जाऊन त्या अर्धवट खुर्चीवर बसले आणि रडले. पण बाहेर जाऊन बोलले का? नाही.

चष्मेवाल्याला किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी मामंजींनी मला दुकानात हाक मारली. तागे गेले होते, मशीन कापडात गुंडाळून ठेवलेलं. टेबल मात्र पुसून लख्ख केलेलं, आणि ते त्याच्यापाशी उभे होते. म्हणाले, हे तू तुझ्या कारखान्यात ने. माझ्या आजोबांपासून घरात ज्याचा हात चांगला त्याच्याकडे हे टेबल जात आलंय. मुलाला काही शिवणं जमलं नाही. आता तुझाच हात चांगला आहे.

हे मात्र मला गिळता येईना. मी म्हटलं, मला नको टेबल. ते म्हणाले, अगं, का? मी तोंड उघडलं आणि एकदम सगळं बाहेर आलं.

“मामंजी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. टेबल आधी तिरकं होतं, तुमचा हात त्याला सरावला होता. मी न विचारता ते सरळ केलं आणि तुमचं सगळं बिघडवलं.”

त्यांना काही उमगेना. मी मशीनवरचं कापड ओढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, अंथरा, नेहमीसारखं. त्यांनी टोक जुळवलं, सुरकुत्या काढल्या, आणि डावा हात गेला कोपऱ्याकडे. मी म्हटलं, थांबा, तिथेच थांबा, हाताकडे बघा. त्यांनी बघितलं. मी धावत जाऊन गुण्या आणला, कोपऱ्याला लावला, कापड टेबलाच्या कडेपासून किती आत ओढलं गेलंय ते दाखवलं. त्यांनी कापड उचललं आणि पुन्हा अंथरलं. हात पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी तो मुद्दाम धरून ठेवायचा प्रयत्न केला, तरी बोटं वळवळलीच.

मामंजी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे हात गेला नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. “खरंच नाही?” नाही हो मामंजी, नाही. ते स्वतःच्या हातांकडे असं बघत होते की मला वाटलं, सुटले मी. उशिरा का होईना, सांगून टाकलं, आता सगळं ठीक होईल.

मग त्यांचं हसू थांबलं.

“तुला हे कधी कळलं?”

आत्ता लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं. मी म्हटलं, कोट उसवलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन आले होते तेव्हा.

ते आठवत राहिले. कापडाची घडी घालत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे मी तुला हात दाखवायला आलो, त्याच्या आधी.”

“हो.”

ते रागावतील, दोन शब्द सुनावतील, याची मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं. पण त्यांनी घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, टेबल होतं तसं करून दे.

वाकडं सरळ करायला गुण्या असतो, दोरी असते, माप असतं. सरळ वाकडं करायला काय असतं? मामंजींचा हात, दुसरं काही नाही. पुन्हा गरम पाण्याची फडकी, पुन्हा सरस मऊ केला, आणि या वेळी दोरी उलट्या कोपऱ्यांना बांधली. मी पीळ द्यायची, मामंजी कापड अंथरायचे, त्यांचा हात ओढायचा, आणि कापड कडेला बरोबर लागलं नाही की ते नुसतं म्हणायचे, अजून. मी अजून थोडा पीळ द्यायची. जे टेबल सरळ केल्याची मी शेखी मिरवली होती, ते मी त्यांच्यासमोर एकेक सूत वाकडं करत होते. शेवटी एकदा कापड अंथरलं, हाताने ओढलं, आणि ते कडेला अगदी चिकटून सरळ पडलं. मामंजी म्हणाले, बस. मी दोरी बांधून टाकली.

चष्मेवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन नकार दिला. तो बराच चिडला, रस्त्यात उभा राहून बडबडला. नवऱ्याने कारण विचारलं तर मामंजी म्हणाले, टेबलाचा पाय पुन्हा हलत होता, आता नीट झालाय. मीच नंतर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबांना सांगितलंस ना, मग झालं की. त्याला वाटतं झालं.

हेडमास्तरांची पँट अशी जमली की ते दुकानातच तीनदा मागे वळून आरशात बघत होते. तागे परत आले, बाकावर माणसं परत आली. मामंजी माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, भाजीत मीठ जास्त झालं तर सांगतात, नणंदेचा फोन आला तर मला देतात. कुणाला काही कळणार नाही.

फक्त आता कात्री लावायच्या आधी ते मला हाक मारतात. प्रत्येक कापडाला. मी हातातलं काम टाकून पुढे जाते. कापड अंथरलेलं असतं, खडूच्या रेघा मारलेल्या असतात, सगळं बिनचूक, आंधळ्यालाही कळेल इतकं बिनचूक. ते विचारतात, सूनबाई, सरळ आहे? मी वाकून बघते आणि म्हणते, सरळ आहे, मामंजी. ते कापडाकडे बघतच नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात, बराच वेळ, आणि मगच कात्री उचलतात.